कर्ता पुरुष कोमात

आणि वर मलाच विचारतात, ‘काय काका, झोप झाली का छान?’ झोप? अहो, काम करत होतो मी! सकाळपासून डोक्यावर दिवे, नाकात नळी, मनगटाला चिकटपट्टी, ती काढताना केस मुळासकट उपटून येतात ते वेगळंच, आणि ही शूटिंगवरची पोरं हातात चहाचा कप देऊन विचारणार, झोप झाली का! तुम्हाला सांगतो, माणसानं पोटासाठी वाटेल ते करावं, पण मालिकेत कोमात जाऊ नये. खऱ्या कोमातला माणूस एक तर उठतो, नाहीतर सुटतो. मालिकेतल्याला दोन्ही दारं बंद! चॅनेल म्हणेल तोवर ना इकडचा ना तिकडचा!

हसा, हसा. तुम्हाला हसू येणारच, तुम्ही बसलेले आहात. मी आपला पडून होतो.

बरं, पडला कोण? तर ज्याला पडून राहायचं शिक्षणच नाही असा माणूस! मी मूळचा नाटकातला. आता मला ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. पूर्वी नुसतं नट म्हणायचे, केस पांढरे झाले की पुढे हे चरित्र येऊन चिकटतं, कुणाचं असतं देव जाणे. तर आमचे मास्तर, नाटकातले मास्तर, आम्हाला गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीवर न्यायचे. या काठावर आम्ही, पलीकडच्या काठावर मास्तर, मधे हे एवढं हिरवं डबकं. तिकडून हात वर करायचे, म्हणजे आम्ही वाक्य म्हणायचं. म्हटलं की मास्तर कानामागे हात धरून, ‘काय म्हणालास? डबक्याशी बोलतोयस का? मला सांग की!’ मग आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचं. तर लगेच, ‘ओरडू नकोस गाढवा, पोचव!’ आता ओरडणं आणि पोचवणं यातला फरक कळायला माझी ऐन उमेदीची वर्षं गेली हो! पण कळला. आवाज असा पोचायला लागला की मी रंगमंचावर रागावलो की प्रेक्षागृहातली तान्ही पोरं रडायला लागायची, त्यांच्या आया त्यांना उचलून बाहेर न्यायच्या आणि बाहेर गेल्यावरही ती गप्प व्हायची नाहीत, कारण माझं बाहेरही ऐकू यायचं!

असा आवाज. आणि त्या माणसाच्या नाकात नळी घालून सांगितलं काय, तर ‘गप्प पडून राहा.’

नाही, सिनेमात कामं केली मी मधल्या काळात. न्यायाधीश केले. वकील केले. मुलीच्या लग्नाला नकार देणारे बाप केले, नंतर होकार देणारेही केले. एका सिनेमात तर माझा अख्खा प्रसंग होता, नायकाला मी झाप झाप झापतो असा. बायकोला घेऊन बघायला गेलो तर पडद्यावर नायक! समोरून नायक, हसरा नायक, रडका नायक, आणि कोपऱ्यात एक खांदा. माझा! मी म्हटलं, ‘अगं, हा मी.’ बायको म्हणाली, ‘कळलं मला. शिवण उसवली होती ती मीच घातली होती.’ तर अशी आमची चित्रपट कारकीर्द. खांद्यापर्यंत पोचली.

आणि मग त्या मालिकेतून फोन आला. ‘सर, मोठं कुटुंब आहे, मोठा व्यवसाय आहे, आणि तुम्ही घरचे कर्ता पुरुष! कथेचा कणा आहात सर तुम्ही!’ मी हुरळलो. आता मला काय माहीत, कणा आडवाही असतो!

सुरुवातीला वाक्यं होती हो. पानंच्या पानं होती. पण मी पहिलं वाक्य बोललो तर आवाज मुद्रित करणाऱ्या माणसानं कानावरचे हेडफोन असे झटकन काढले, विंचू चावल्यासारखे! दिग्दर्शक आला धावत. पोरसवदा, पण अतिशय आदबशीर. ‘सर, काय बोललात! अंगावर काटा आला! फक्त... थोडं कमी.’ केलं कमी. ‘अप्रतिम सर! अजून थोडं कमी.’ केलं. ‘सर, माईक इथे छातीवरच लावलाय तुमच्या, तुमच्या शर्टाच्या आत.’ म्हणजे ज्यानं जन्मभर खाणीपलीकडे वाक्य पोचवलं, त्यानं आता ते स्वतःच्या बनियनला सांगायचं! पण शिकलो. काय करता! घर चालायला हवं, आईची औषधं आहेत, आणि नाटकावर घर चालतं असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला आधी विचारा, त्याची बायको कुठे नोकरी करते.

आता नाटकाचं ऐका, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमची एक छोटी नाटक कंपनी आहे. ती चालवतो माझा मित्र, त्याला सगळे दाढी म्हणतात. दाढी त्यानं कधीच काढली, पण नाव राहिलं. त्याच्या नाटकात मी बापाचं काम करायचो, जीव लावून करायचो. प्रेक्षक कमी असायचे, पण असायचे ते ऐकायचे. तर दाढीनं बाहेरगावचे चार प्रयोग लावले आणि मी मालिकेच्या निर्मात्या मॅडमकडे सुट्टी मागायला गेलो. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, आणि बोलणं? मधाची बरणी! ‘अहो काका, यात विचारायचं काय! जा की निवांत! आम्ही करतो ना काहीतरी!’

हे ‘काहीतरी’ कधी ऐकलंत ना, की सावध व्हा.

कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन लेखक बसायचा. चेहरा कायम गणिताचा पेपर अवघड गेल्यासारखा. त्याला मॅडमनी नुसतं बघितलं आणि तो टाइप करायला लागला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद. मालिकेतली माझी धाकटी सून मला जिन्यावरून ढकलते आणि मी कोमात जातो. मी म्हटलं, ‘अरे, चार प्रयोगांना जायचंय मला, कोमा कशाला? परगावी पाठव की मला, धंद्याच्या कामाला.’ लेखक म्हणाला, ‘सर, परगावी गेलेला माणूस फोन करू शकतो.’

झालं. जिन्याच्या वरच्या पायरीवर मी ‘अगं!’ म्हणालो, खाली गादीवर ‘आई गं!’ म्हणालो, आणि मधल्या सगळ्या पायऱ्यांवरून माझा कोट घातलेल्या दोन उशा गडगडत गेल्या. उशांचं काम फार चांगलं झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

मी दौरा करून आलो. आनंदात आलो. सेटवर पाऊल टाकतोय तर काय स्वागत! मॅडम धावत आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. ‘काका! कोमा चालला!’ मी म्हटलं, ‘म्हणजे संपला?’ ‘नाही हो! चालला! हिट झाला! एवढे लोक आपल्याला कधीच बघत नव्हते! सगळी बायामाणसं विचारतायत, काका उठणार का?’ मी म्हटलं, ‘मग, उठणार का?’ मॅडम गोड हसल्या. ‘काका, इतक्यात कशाला!’

आणि मी पडलो. तेव्हा जो पडलो...

तुम्हाला वाटेल, सोपं आहे. पडून बघा! एकदा दिव्याखाली, कपाळावर बँडेज, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अशा अवस्थेत पडून बघा आणि नाकाच्या आत, अगदी आत, खाजवायला लागू द्या! शेजारी ते यंत्र, हिरवी रेघ वरखाली करणारं. माझं हृदय पेनड्राइव्हवर होतं हो! क्लिप संपली की रेघ सरळ व्हायची आणि कुणीतरी ओरडायचं, ‘अरे, काका गेले, परत लाव!’ आणि दिग्दर्शक येऊन कानात, ‘सर, सुंदर पडलायत. फक्त श्वास थोडा कमी.’ श्वास! वाक्यं कमी केली, आवाज कमी केला, आता श्वास कमी! पुढे काय कमी करायचं ते तूच सांग बाबा, मी पडूनच आहे!

इकडे दाढीचे पुढचे प्रयोग आले. मी मॅडमना म्हटलं, ‘दोन दिवस सोडा ना. नुसतंच तर पडायचंय. माझ्या जागी उशा ठेवा, त्यांना अनुभव आहे.’ लेखक कोपऱ्यातून म्हणाला, ‘उशीचा श्वास दिसत नाही सर.’ म्हणजे बघा! कमीही हवा आणि दिसायलाही हवा! दाढीला फोन केला. तो कधी माझ्यावर चिडला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, ‘नाटक सोडून तू झोपायला जातोस?’ मी म्हटलं, ‘अरे, आज ना उद्या उठवतील रे मला. उठल्यावर मोठा प्रसंग असणार, कर्ता पुरुष आहे मी.’ त्यानं फोन ठेवला. माझं काम त्यानं आमच्या कंपनीच्या तिकीटविक्रीवाल्याला दिलं. तिकीटविक्रीवाल्याला! का, तर त्याला वाक्यं पाठ होती. तिकिटांच्या खिडकीत बसून वर्षानुवर्षं ऐकलेली. मी बातमी ऐकली आणि... काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पडलो.

माणसांचं एक असतं बघा. समोरचा डोळे मिटून पडला की त्यांना वाटतं याला कानही नाहीत. ती धाकटी सून, मालिकेत नुसती नागीण! रोज माझ्या उशाशी येऊन सगळी कारस्थानं मला सांगायची, ‘बाबा, तुमच्या सह्या मीच केल्या, तुम्हाला मीच ढकललं, हा हा हा!’ पण खरी पोर इतकी गुणाची! शॉट संपला की माझ्या पायांवर चादर घालायची, ‘काका, पाय गार पडलेत तुमचे’ म्हणायची, आणि तशीच उशाशी बसून स्वतःचं सांगायला लागायची. तिचा तो मित्र परदेशी जायचं म्हणतोय, जाऊ का थांबू, लग्न करू का नको, आईला सांगू का नको. मी मास्कमधून ‘अं’ म्हणालो तर म्हणायची, ‘नको काका, बोलू नका, मेकअप मोडेल. तुम्ही ना, फार छान ऐकता.’ मी काय छान ऐकतो? मला उठता येत नव्हतं!

आणि एक दिवस तिचा असाच कारस्थानाचा शॉट चाललेला, कॅमेरा अगदी जवळ, आणि माझ्या पोटरीत आला गोळा! गोळा म्हणजे कसला... पोटरी नुसती दगड! मी दात आवळले, डोळे आवळता येईनात कारण ते आधीच मिटलेले, घाम फुटला, आणि शेवटी पाय उडाला! चादरीसकट उडाला! मी म्हटलं, संपलं, आता बोलणी खावी लागणार. तर दिग्दर्शक नाचत आला! ‘सर! काय केलंत! पाय हलवलात! ठरलं नव्हतं तरी! याला म्हणतात नाटकातला नट!’ त्या गोळ्यावर लेखकानं पुढचे तीन आठवडे काढले. ‘बाबांचा पाय हलला!’ घरभर धावाधाव, डॉक्टर, वकील, थोरला मुलगा विमानानं परत! आणि मग एक दिवस मला सांगतात, ‘सर, आज परत हलवा.’ मी हलवला. ‘नाही सर, तसा नाही.’ परत हलवला. ‘सर, त्या दिवशी आतून आलं होतं.’ अरे, आतूनच आलं होतं! गोळा होता तो! मी जन्मभर राजे केले, भिकारी केले, वेडे केले, पण माझ्याच पोटरीतल्या गोळ्याची नक्कल मला जमली नाही. शेवटी जुनाच शॉट परत वापरला. आणि मी... पडून.

घरीही तेच. आमची आई. वय झालंय, ऐकायला कमी येतं, पण मालिका चुकवायची नाही. मी कामावरून यायचो, कपडे बदलून तिच्या शेजारी सोफ्यावर बसायचो, टीव्हीवर मी नळ्या लावून पडलेला. ती एकदा तिकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की, ‘गप्प बस. बरं नाहीये तुला.’ म्हणजे खोटं आहे हे तिला कळत होतं हो, चांगलं कळत होतं! पण पोटचं पोर, आणि नाकात नळी, त्याला ती तरी काय करणार? भाजीवाला हातातला तराजू तसाच धरून माझ्याकडे बघत राहायचा. ‘साहेब, तुम्ही चालताय?’ गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलो तर नर्सबाई मला बघून हसत सुटल्या आणि डॉक्टर म्हणाले, ‘गुडघा? तुम्हाला गुडघा लागतो कशाला?’

आता पुढचं सांगतो ते नीट ऐका, कारण मीही नीट ऐकलं.

त्या दिवशी प्रकाशयोजना चालली होती. मी पलंगावर, मास्क लावलेला, डोळे मिटलेले, कारण उघडले की दिवा थेट आत. आणि मॅडम आणि लेखक येऊन उभे राहिले. कुठे? माझ्या पायथ्याशी! लेखक म्हणाला, ‘मॅडम, मग काकांचं काय करायचं?’ मी कान टवकारले. म्हणजे आतल्या आत टवकारले, बाहेर काही दिसू दिलं नाही. मॅडम म्हणाल्या, ‘काकांचा प्रश्न नाहीये रे. काका गोड आहेत. प्रश्न पलंगाचा आहे.’ पलंगाचा! ‘ही आपली सगळ्यात मोठी खोली. चॅनेलला इथे धाकटीचं काचेचं ऑफिस हवंय.’ लेखक म्हणाला, ‘पलंग मागच्या खोलीत?’ ‘बघितलं. दारातून जात नाही.’ मापं घेऊन झाली होती! लेखकानं उसासा टाकला, म्हणाला, ‘म्हणजे काका...’ मॅडम म्हणाल्या, ‘हो. शुक्रवारी.’

मला सांगा, कुणी असं पलंगापायी मेलंय का? दार चार बोटं रुंद असतं तर मी जगलो असतो! मला घाम फुटला. दिवेवाला वरून म्हणाला, ‘काका घामाघूम झालेत.’ तर मॅडम काय म्हणाल्या? ‘एसी वाढवा, झोप मोडेल त्यांची.’ आणि मेकअपवालीनं येऊन माझं कपाळ टिपलं, अगदी हळू हातानं. उठून बसावं, मास्क फेकावा, मास्तर ऐकतील असं ओरडावं असं वाटलं हो... पण ओरडून म्हणू काय? मला मारू नका? नोकरी मागता येते कुणाकडे, पण जीव? तो असा मागतात का? आणि ते दोघं किती ओशाळतील, हाही विचार आला, खोटं कशाला बोलू. मी आपला पडून राहिलो.

पण जाता जाता तो लेखक म्हणाला, ‘मॅडम, काकांना एक वाक्य तरी देऊ या. बरं वाटेल त्यांना.’ मॅडम म्हणाल्या, ‘दे. छोटं दे.’

दुसऱ्या दिवशी वाक्य आलं. मरण्यापूर्वी काका डोळे उघडतात, धाकट्या सुनेकडे बघतात आणि म्हणतात, ‘मला सगळं ऐकू येत होतं.’ आणि मरतात. बस.

तुम्हाला सांगतो, मरणाचं दुःख मी तिथल्या तिथे विसरलो. वाक्य! इतक्या महिन्यांनी वाक्य! मी घरी आलो तो नाचतच. आता आमची बायको, तुम्हाला सांगायचं राहिलं, आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत अंधारात बसून, मांडीवर वही, आणि आमचं अडलं की हळूच पुढचा शब्द सोडायचा. लग्नाआधीही तेच, लग्नानंतरही तेच. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि मी ओट्याला टेकून वाक्य म्हटलं. ‘मला’वर जोर देऊन म्हटलं. ‘सगळं’वर देऊन म्हटलं. ‘ऐकू’वर देऊन म्हटलं. आतल्या खोलीतून आई, ‘काय ऐकू येत होतं रे तुला? मला तर काही नाही येत!’ बायको हसली नाही. म्हणाली, ‘अहो, जोर कशावरच देऊ नका. सगळं कळत होतं आणि तो तसाच पडून राहिला, एवढंच आहे त्यात. ते तुम्हाला वेगळं करून दाखवायला नको.’ आणि दिवा बारीक करून, म्हणजे गॅस बारीक करून, आपली कामाला लागली. मी तिथेच उभा. म्हटलं, ही बाई इतकी वर्षं विंगेत बसली होती, हिला पुढे का नाही आणलं कुणी?

शुक्रवार आला. दिवे लागले. धाकटी सून उशाशी बसली. मी डोळे उघडले, सावकाश, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो. मास्कच्या आतून म्हणालो. अजिबात जोर दिला नाही. ओरडलो नाही, पोचवलंही नाही, नुसतं म्हटलं. ती पोर, तिला रडायचं नव्हतं त्या शॉटमध्ये, तिला घाबरायचं होतं, पण तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले, ग्लिसरीन न घालता. दिवेवाला वर तसाच लोंबकळत. मॅडम मॉनिटरसमोर चहा पीत होत्या, त्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं, एवढं मी अर्ध्या डोळ्यांनी बघितलं. ‘कट’ म्हणायला कुणालाच सुचेना! मी मेलो, आणि मेल्यावर मनात म्हटलं, मास्तर, पोचलं बघा.

मग दिग्दर्शक आला. डोळे पुसत आला हो, खरंच. माझा हात हातात घेतला. ‘सर... असं मी कधी बघितलं नाही.’ मी म्हटलं, ‘अरे, चालायचंच.’ ‘फक्त सर, मास्कवर वाफ धरली. ओठ दिसत नाहीयेत. मास्क काढला तर मागच्या शॉटशी जुळत नाही. तर आपण... वाक्य राहू द्या. नुसते डोळे उघडा आणि मिटा. वन मोर.’

आता खरंच वाफ धरली होती, का मधे मॅडम उठून त्याच्या कानाशी लागल्या होत्या, ते मला माहीत नाही. मी मेलेला होतो. मी डोळे उघडले. आणि मिटले.

भाग लागला तेव्हा आम्ही तिघं घरी सोफ्यावर. पडद्यावर माझे डोळे उघडले, वीज कडाडली, माझे डोळे मिटले, पुन्हा तीच वीज कडाडली. आई म्हणाली, ‘काहीतरी बोलणार होतास ना?’ मी म्हटलं, ‘राहून गेलं.’ मग ती यंत्रावरची रेघ सरळ झाली. आणि आईनं टीव्हीकडेच बघत बघत माझं मनगट धरलं. असं घट्ट, दोन बोटं नाडीवर ठेवून. जाहिराती झाल्या, दुसरी मालिका लागली, तीही संपली, ती सोडेना! मी म्हटलं, ‘आई, पाणी प्यायचंय गं.’ म्हणाली, ‘बायको देईल. तू हलू नकोस.’ बायकोनं मला पाणी पाजलं. दुसऱ्या हातानं पिता आलं असतं, पण मी हललो नाही.

सकाळी शेजारीण दारात. दार मीच उघडलं, तर माझ्या खांद्यावरून आत बघत, ‘वहिनी आहेत का? भेटायला आले होते. वाईट झालं हो.’ मला म्हणाली! भाजीवाल्यानं बायकोला वजनात एक वांगं जास्त घातलं आणि पैसे घेईना. म्हणजे माझ्या हयातीत त्यानं कधी काटा झुकू दिला नाही!

आणि मी दाढीला फोन केला. किती दिवस केला नव्हता, तोंड नव्हतं. तो म्हणाला, ‘मेलास ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ म्हणाला, ‘मग ये तालमीला.’ तिकीटविक्रीवाल्यानं आपणहून काम परत दिलं. म्हणाला, ‘साहेब, लोक हसायला लागले की मला तिकिटं मोजावीशी वाटतात.’

तर परवा प्रयोग. बापाचं काम, बऱ्याच वर्षांनी घरी परत आलेला बाप. पहिल्या प्रवेशात मी दार लोटून आत येतो आणि म्हणतो, ‘कुणी आहे का घरात?’ मी विंगेत उभा. बायको शेजारी स्टुलावर, मांडीवर वही. पडदा वर गेला, मी दार लोटलं, दिव्यात आलो, छाती भरून श्वास घेतला, चांगला भरपूर, तोंड उघडलं, आणि पुढच्या रांगेतून एक बाई ओरडली, ‘अगोबाई! हे जिवंत आहेत!’

आणि टाळी पडली हो! कडाडून! माणसं उभी राहिली! म्हातारी माणसं हात वर करकरून वाजवतायत, एक बाई डोळ्याला पदर लावतायत, मी वाक्य म्हणायला जातोय, कुणी म्हणू देईना, आणि विंगेतून बायको हळूच, ‘थांबा, बोलू नका, टाळी जाऊ द्या.’ मी थांबलो. तिथे मधोमध, हात लोंबते सोडून, तोंड अर्धं उघडं. अहो, उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं, राजे केले, भिकारी केले, नुसतं येऊन उभं राहिलो म्हणून टाळी कधी पडली नव्हती. आज पडली, आणि ती अभिनयाला नाही, नुसता मेलो नाही म्हणून! आता आपण काय करायचं? वाकून घ्यायची. घेतली.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असं म्हणतात ना? तुम्हाला सांगतो, मला दिसला. मागच्या रांगा रिकाम्याच होत्या... पण दिसला.